आधी थेंब मोज

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद. कीटकांच्या शरीरातल्या पाण्याचा तोल हा विषय पीएचडीला घेतलास, छान केलंस. आराखडा मात्र सगळा रिसेप्टरांची (पेशीवर संदेश झेलणाऱ्या प्रथिनांची) जनुकं आणि त्यांची वंशावळ यांवरच बेतलाय. माल्पिघी नलिकेतून, म्हणजे कीटकाच्या लघवी तयार करणाऱ्या नळीतून, पाणी किती निघतं हे मोजणारा एकही प्रयोग त्यात नाही. हे मला पटलेलं नाही.

कॅपा या पेप्टाइडचंच, म्हणजे नलिकेला संदेश देणाऱ्या छोट्या संप्रेरकाचंच बघ. ऱ्होडनियस हा अमेरिका खंडातला, ढेकणाच्या लांबच्या नात्यातला रक्तपिपासू कीटक. त्याचं पाचव्या अवस्थेतलं पिल्लू एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या सुमारे १० पट रक्त पितं. पोट टम्म फुगतं, अंगात सेरोटोनिन हे संप्रेरक सुटतं आणि माल्पिघी नलिकांचा स्राव हजारपटीनं वाढतो. हा वाढलेला स्राव कॅपा रोखतो. तोच कॅपा ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) नलिकेवर टाकला तर स्राव वाढतो! तिथेही अगदी सूक्ष्म मात्रेत तो घटल्याच्या नोंदी आहेतच. रिसेप्टर तर दोन्हीकडे एकाच घराण्यातले. मग नुसत्या जनुकाच्या सिक्वेन्सवरून काय सांगणार?

शिवाय ड्रोसोफिलात पेशींनी कामं वाटून घेतलीत. डीएच४४ या दुसऱ्या पेप्टाइडचा रिसेप्टर नलिकेच्या मुख्य पेशींवर असतो, ल्युकोकायनिन या तिसऱ्याचा तारकाकृती पेशींवर. तिथून क्लोराइडला वाट मिळते. अख्खी नलिका कुटून आरएनए काढलास की हा भेद गेलाच.

म्हणून स्राव मोजायची रॅम्झी या शास्त्रज्ञाची पद्धत हातात बसू दे. १९५४ची आहे, पण अजून कामाची. पॅराफिन तेलाखाली सलाइनचा थेंब ठेवायचा. जोडीतली एक नलिका त्यात, दुसरी बाहेर ओढून पिनेला गुंडाळलेली. मधल्या सामाईक मूत्रनळीच्या तोंडाशी लघवीचा थेंब फुगत जातो. त्याचा व्यास मोजून घनफळ काढायचं. व्यास १० टक्के जास्त वाचलास तर घनफळ ३३ टक्के जास्त येतं, म्हणून नजर बसेपर्यंत पेप्टाइडची कुपी उघडू नकोस. (ती महाग असते, आणि गाइडची बोलणी वेगळीच.) आधी अर्धा तास नुसता मूळ स्राव मोज, मग पेप्टाइड टाक. म्हणजे प्रत्येक नलिकेची तुलना तिच्याशीच होते. आरएनएआयनं (जनुकाचं काम दाबणाऱ्या तंत्रानं) रिसेप्टर दाबशील तेव्हाही हाच थेंब मोजायचा.

सुधारलेला आराखडा पाठव. कीटक कोणता, उपाशी की खाल्लेला, आणि पेप्टाइडची मात्रा किती, हे पहिल्याच पानावर येऊ दे.