मेळघाटचा जुना टोपो नकाशा सापडलाय. फ्रेम करावा की काही कामाचा आहे?

पेटीतून निघालेल्या नकाशावर '५५ जी/७' छापलंय असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तो सर्व्हे ऑफ इंडियाचा, चिखलदरा-गाविलगड परिसराचा नकाशा. फ्रेम करण्याआधी तो नीट वाचा, फार कामाचा आहे.

माप सोपं आहे: एक इंच म्हणजे एक मैल, आणि उंची फुटांत. आता गाविलगडावर बोट ठेवा. दक्षिणेला, वऱ्हाडच्या मैदानाकडे, तपकिरी रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना अगदी चिकटलेल्या दिसतील, म्हणजे तिथे उभा चढ आहे. उत्तरेला त्या सुट्या होतात आणि किल्ला पठाराला जोडला जातो. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी डोंगरातून तोफा ओढत उत्तरेच्या बाजूला का नेल्या, ते इथे लगेच उमगतं.

पण मला खरं मोल वाटतं ते बारीक अक्षरांचं. बारमाही पाणी निळं, उन्हाळ्यात आटणारा नाला काळा. बंडीवाटा, विहिरी, छोट्या छोट्या वस्त्यांची नावं. एखाद्या नावाखाली कंसात इंग्रजीत 'डेझर्टेड' लिहिलेलं दिसलं, तर ते गाव सर्वेक्षणाच्या वेळीच उठून गेलेलं होतं. तुमच्या गावाचा सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगलावरच्या अख्ख्या गावाच्या हक्काचा, दावा अजून व्हायचा असेल तर ही नावं सोन्यासारखी आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत सरकारी नकाशे पुरावा म्हणून धरले जातात. मात्र एकट्या नकाशावर भागत नाही, एकाहून जास्त पुरावे लागतात. गावातल्या जाणत्यांचं लेखी कथनही त्यात चालतं. म्हणून कोरकू म्हाताऱ्यांना घेऊन नकाशासमोर बसा, एकेक नाला आणि गायरान विचारा, आणि ते सांगतील तसं लगेच लिहून घ्या. ही माणसं आहेत तोवरच हे होईल.

मोबाइलवरच्या ठिकाणाशी हा नकाशा थेट जुळणार नाही, कारण त्याचा गणिती आधार वेगळा आहे. नाल्यांचे संगम, किल्ल्याची तटबंदी अशा न हललेल्या खुणा धरून जुळवा.

लॅमिनेशन अजिबात करू नका, ते पुन्हा निघत नाही. सपाट ठेवून स्कॅन करा, आणि समासासकट करा. सर्वेक्षणाचं साल समासातच असतं आणि छपाईचं साल त्याहून वेगळं असू शकतं. दाव्यात सर्वेक्षणाचंच साल लिहा.