भांगलताना परड्याचा एक कोपरा तेवढा सोडा: तण, अळ्या आणि फुलपाखरं यांवरच्या तुमच्या प्रश्नांना उत्तर

राम राम मंडळी. पावसानं उघडीप दिली, भांगलणी सुरू झाल्या आणि या पंधरवड्यात माझ्याकडं एकाच विषयावर तीन प्रश्न आलेत, म्हणून तिन्हीचं उत्तर एकदमच लिहितोय. करवीर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय की परसबागेत झेंडू, जास्वंद, सदाफुली सगळं लावलंय तरी फुलपाखरं येतात नि दोन मिनिटांत निघून जातात, राहत का नाहीत. शिरोळकडच्या एका दादांचा प्रश्न असा की उसाच्या बांधावर रुई-टाकळा माजलाय, त्यावर पट्ट्यापट्ट्याच्या अळ्या दिसतात, शेजारी म्हणतोय तणनाशक मारून मोकळा हो नाहीतर अळ्या उसात घुसतील. आणि कागलच्या काकांची लिंबाची नवीन रोपं कसलीतरी हिरवी अळी खातेय, फोटो पण पाठवलाय त्यांनी.

ताईंपासून सुरू करतो, कारण त्यांच्या उत्तरात बाकी दोघांचं निम्मं उत्तर येतंय. ताई, झेंडू म्हणजे फुलपाखराला चहाची टपरी, दोन घोट घेतले की निघालं. त्याचं घर म्हणजे जिथं मादी अंडी घालते ते झाड, आणि ते झाड बहुतेक वेळा तुम्ही कालच खुरप्यानं काढून बांधावर फेकलेलं असतं. मादी कुठंही अंडी घालत नाही, पायानं पान चाचपून, वास घेऊन खात्री करते मगच घालते, कारण अळीला ठराविक पाला मिळाला तरच ती जगते, नाहीतर उपाशी मरते पण दुसऱ्या पानाला तोंड लावत नाही. म्हणून नुसती फुलं लावून फुलपाखरं राहत नाहीत, अळीच्या जेवणाची सोय लागते, आणि आपल्याकडं ती सोय लावायचा एक रुपया खर्च नाही, पावसात आपोआप उगवतेय.

आता कुठल्या तणावर कोण, ते सांगतो, परड्यात जाऊन बघा. घोळ तर सगळ्यांना माहितीये, आपण भाजी करून खातो. त्यावर डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची काळपट काटेरी अळी वाढते. हिची मादी दिसायला हुबेहूब रुईवरच्या केशरी फुलपाखरासारखी असते, का ते पुढं सांगतो. टाकळ्यावर पिवळी छोटी ग्रास यलो आणि फिकट हिरवट-पांढरी एमिग्रंट, पावसाळ्यात रस्त्याच्या कडेनं जी भराभर उडत जाताना दिसतात ती. चिकणा, ज्याला आयुर्वेदवाले बला म्हणतात, त्यावर लेमन पॅन्सी. पाटाच्या, ओढ्याच्या कडेला काटेरी कोळशिंदा येतो बघा, तालीमखाना म्हणतात तोच, त्यावर पिकॉक पॅन्सी, मोराच्या पिसासारखे डोळे असलेलं पिवळसर केशरी फुलपाखरू. आणि कुंडीत, फरशीच्या फटीत जी तीन पानांची आंबट आंबुशी येते ती आपण चिमटीनं उपटून टाकतो, तिच्यावर नखाएवढं निळसर पेल ग्रास ब्लू आख्खं आयुष्य काढतं, जमिनीपासून वीतभर उंचीवरच उडतं बिचारं, म्हणून दिसत नाही कुणाला.

मध पाहिजे तर एकदांडी, म्हणजे दगडी पाला, हा एवढासा पिवळ्या फुलाचा पण बारक्या फुलपाखरांना झेंडूपेक्षा जास्त उपयोगाचा. त्यातही डबल पाकळ्यांचा हायब्रीड झेंडू दिसायला भारी पण मधापर्यंत सोंड पोचवायला अवघड. नर्सरीतली रोपं आणलीत तर आधी विचारून घ्या औषध मारलंय का, आंतरप्रवाही कीटकनाशक असेल तर ते पानात नि मधात पण उतरतं.

आता दादांचा बांध. रुईवरची पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी, ती प्लेन टायगर या केशरी फुलपाखराची. ती उसाकडं ढुंकून बघणार नाही, सोयाबीनकडं पण नाही, भुईमुगाकडं पण नाही. तिला रुई नाहीतर रुईच्याच कुळातलं झाड लागतं; ज्या रुईची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो तीच ही रुई. रुईचा चीक विषारी, ही अळी आधी पानाची शीर कुरतडून चीक तोडते मग निवांत खाते आणि ते विष अंगात साठवून ठेवते, फुलपाखरू झाल्यावर पण ते विष त्याच्यात राहतं, पक्ष्यानं एकदा खाल्लं की ओकतो आणि परत केशरी पंखाच्या नादी लागत नाही. वर सांगितलेली घोळीवरची मादी याच केशरी रंगाचं सोंग घेऊन वाचते, तिच्या अंगात विष नाही. म्हणजे बांधावरची रुई गेली की प्लेन टायगर जातं, आणि ते गेलं की पक्ष्यांना धडा द्यायला कुणी राहत नाही, मग घोळीवरच्या मादीचं सोंग पण वाया. एवढं सगळं एका बांधावर चाललेलं असतं.

लष्करी अळी बघून सगळ्यांच्या मनात अळीची भीती बसलीय हे मला कळतंय, मक्याची पोंगं चाळण झालेली मी पण बघितलीत. पण अळी दिसली की मारायची हा नियम करू नका. 2002 ला उसावर लोकरी मावा आला तेव्हा आठवतंय का, पानं पांढरीफटक पडली होती, तेव्हा ज्यांनी मावा खाऊन साफ केला त्यात कोनोबाथ्राची अळी होती, पतंगाचीच अळी ती, ती असलेली पानं आपण दुसऱ्यांच्या फडातून आणून आपल्या उसाला टाचत होतो. तसंच एपफ्लाय नावाचं एक साधं करडं फुलपाखरू आहे, त्याची अळी पाला खातच नाही, पिठ्या ढेकूण ही पिकावरची कीड खाते, आणि अंगावर पांढरी भुकटी घेऊन फिरते त्यामुळं आपल्याला तीच ढेकूण वाटते. बांधावरच्या रानफुलांवर बारीक गांधीलमाश्या, सिरफिड माश्या, ढालकिडे यांना मध नि पराग मिळतात, आणि त्यांची पोरं नाहीतर ते स्वतः तुमच्या पिकातला मावा नि अळ्या खातात.

तणाची बाजू घेतोय म्हणून उसात तण ठेवा असं अजिबात म्हणत नाही. लागणीपासून पहिले तीन-साडेतीन महिने सरी स्वच्छच पाहिजे, तिथं हयगय केली तर फुटवे कमी येतात आणि ते नुकसान पुढं खत घालून भरून निघत नाही. मी बोलतोय ते बांधाबद्दल, पाटाच्या कडेबद्दल, विहिरीच्या, खोपीच्या मागच्या जागेबद्दल. तिथं तणनाशक नको. 2,4-डी वाऱ्यानं उडून शेजाऱ्याच्या टोमॅटो-भेंडीवर गेलं तर पानं वाकडी होऊन भांडण बांधावरून थेट पोलीस स्टेशनला जातं. ग्लायफोसेटबद्दल तर केंद्रानं ऑक्टोबर 2022 मध्येच अधिसूचना काढलीय की ते परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच मारायचं. बांधावर विळा चालवा, पण एका खेपेला अर्धाच बांध कापा, उरलेला महिन्यानं, म्हणजे अंडी-अळ्या-कोश सगळंच एका दिवसात जाणार नाही. टाकळा दिवाळीच्या आसपास शेंगा तडकायच्या आत कापा, नाहीतर पुढल्या वर्षी रानभर होतो, तोवर अळ्यांचं काम बहुतेक उरकलेलं असतं. रुईला हात लावलात तर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका, चीक डोळ्यात गेला तर लई वाईट.

गाजरगवताला मात्र माझ्याकडून अजिबात माफी नाही. फुलायच्या आधी हातमोजे घालून मुळासकट उपटा, त्यानं अंगाला खाज सुटते, दमा वाढतो, आणि पिठ्या ढेकूण तिथूनच पिकात उतरतो. त्यावर मेक्सिकन भुंगे दिसले तर तेवढे मारू नका, ते पाला खाऊन मदतच करतात. घाणेरीवर फुलपाखरं लई दिसतात हे खरं, पण ती मधापुरती, आपल्या फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावर वाढत नाहीत, आणि ती पसरली की खालचं गवत मरतं. राधानगरी-पन्हाळ्याकडं डोंगरउतारावर बघा तिनं काय केलंय. आणखी एक, भेंडी-मिरची करणाऱ्यांनी चिकणा, पेटारी असली तणं पिकाच्या अगदी चिकटून ठेवू नयेत, त्यावर पांढरी माशी राहते आणि भेंडीचा पिवळा व्हायरस तीच पसरवते. कोपरा राखायचा तो भाजीपासून लांब, खोपीच्या मागं.

काका, तुमच्या फोटोतली अळी लिंबावरच्या फुलपाखराची, लाइम बटरफ्लाय. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी, डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंग काढून उग्र वास सोडते, घाबरू नका, चावत नाही. रोपं वर्षाच्या आतली असतील तर ही अळी त्यांना खरंच उघडी करते, तिथं राखून चालणार नाही, पण दहा-वीस रोपांना फवारणी कशाला, सकाळी चहाच्या आधी हातानं वेचा आणि घराजवळ कढीपत्त्याचं मोठं झाड असेल तर त्यावर नेऊन सोडा, तिथं पण ती वाढते. काळ्या रानात बावची उगवली असेल तर तिच्यावर पण चालते. लिंबाचं झाड मोठं झालं की पाच-पंचवीस पानांनी त्याला काही होत नाही. याच लिंबूवर्गीय झाडांवर ब्लू मॉर्मनची पण अळी वाढते, आपल्या राज्याचं फुलपाखरू, 2015 ला जाहीर झालेलं, काळं मोठं, मागच्या पंखावर निळा पट्टा. गगनबावडा-आजऱ्याकडं तर अंगणात येतं.

ताई, तुमच्या मेसेजमध्ये शेवटी होतं की कण्हेरीच्या पानाखाली चांदीच्या दागिन्यासारखं काहीतरी चमकतंय, मुलगी तोडू देत नाहीये. मुलीचं ऐका. तो कॉमन क्रोचा कोश आहे, आठ-दहा दिवस लागतात, चमक जाऊन काळपट दिसायला लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठवा तिला.