आधी तीन रकाने आख

प्रिय मित्रा,

बायबलमधल्या नोहावर, जगबुडीतून तारवात वाचलेल्या माणसावर, पटकथा लिहायला घेतोयस आणि विचारतोस, शास्त्राला किती धरून राहू? आधी एक बघ. उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, सहाव्या ते आठव्या अध्यायात नोहाच्या तोंडी एकही वाक्य नाही. देव सांगतो, नोहा करतो. तो पहिल्यांदा बोलतो तो नवव्या अध्यायात, पूर ओसरल्यावर, द्राक्षमळा लावून दारू पिऊन झाल्यावर, आणि तेही कनानाला, आपल्या नातवाला, शाप द्यायला. म्हणजे पुराआधी तो बायको-मुलांशी जे बोलेल ते सगळं तुझंच असणार. भर घालावीच लागेल. कुठे घालायची एवढं ठरव.

कागदावर तीन रकाने आख. पहिल्यात वचनात आहे तेवढंच, अध्याय-वचनाच्या आकड्यांसह. दुसऱ्यात परंपरेने जोडलेलं. तिसऱ्यात तुझं स्वतःचं. पहिला रकाना पुस्तक उघडून भर, आठवणीवर विसंबू नकोस. येशूची अनुयायी मरीया मग्दालीया वेश्या होती, हे कुठल्याच शुभवर्तमानात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान या चार पुस्तकांत, नाही. लूक 8:2 सांगतो ते तिच्यातून सात भुतं निघाल्याचं. तिला सातव्या अध्यायातल्या पापी स्त्रीशी जोडलं ते पोप पहिले ग्रेगरी यांनी, 591 सालच्या प्रवचनात. पडद्यावर ते अजून शास्त्र म्हणून खपतं.

नोहाच्या पहिल्या रकान्यात आकडेच आकडे आहेत. तारू, म्हणजे नोहाचं जहाज, 300 हात लांब, 50 रुंद, 30 उंच. हात सुमारे 45 सेंटिमीटर धरला तर 135 मीटर लांबी, साडेबावीस रुंदी, साडेतेरा उंची. तीन मजले, दार बाजूला. शीड, सुकाणू, वल्ही यांचा उल्लेखच नाही, म्हणजे ती जवळपास पेटीच. कलादिग्दर्शकाला हे पहिल्या बैठकीतच सांग, नाहीतर तो पोटफुगं गलबत काढून आणेल. जनावरं 6:19 मध्ये दोन-दोन, 7:2 मध्ये शुद्ध पशू सात-सात. पाऊस 40 दिवस, पाण्याचा जोर 150 दिवस, आणि तारवातला मुक्काम वर्षाहून थोडा जास्त. 40 दिवसांत सगळं उरकणारी पटकथा इथेच घसरते. दार मात्र परमेश्वर स्वतः बंद करतो (7:16). ते कसं दाखवायचं, हा खरा तुझा प्रश्न.

आता 2014 चा अ‍ॅरोनॉफ्स्कीचा ‘नोआ’ घे. लोक हसले ते दगडी राक्षसांना. पण त्यांचं मूळ हनोखाच्या ग्रंथातल्या, म्हणजे बहुतेक बायबलांत नसलेल्या एका प्राचीन यहुदी ग्रंथातल्या, पहारेकऱ्यांत, स्वर्गातून उतरलेल्या दूतांत, आहे आणि उत्पत्ती 6:4 मध्ये नेफिलीम नावाचे महाकाय आहेतच. ती दुसऱ्या रकान्यातली भर आहे, चालेल. न चालणारी गोष्ट वेगळी. 7:13 म्हणतं, तिन्ही मुलगे आपापल्या बायकांसह तारवात शिरले. चित्रपटात जोडीदार फक्त शेम या एका मुलाला आहे. नोहा नातींच्या जिवावर उठतो तो ताण त्यातूनच उभा राहतो. नाट्य जोरकस आहे, कबूल, पण ती रिकामी जागा नव्हती. तिथे वचन होतं.

शब्दशः राहिलं की सुटलो, असंही समजू नकोस. वधस्तंभावरची सात वाक्यं एकत्र म्हणणारा येशू कुठल्याच शुभवर्तमानात नाही: मत्तय आणि मार्क यांच्यात एकच, तेही समान, लूकमध्ये तीन, योहानात तीन. आणि मत्तय 27:25, याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलांवर असो हे जमावाचं ओरडणं, शतकानुशतकं यहुद्यांच्या छळाला वापरलं गेलं. ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’मध्ये (2004) ते वाक्य अरामी भाषेत राहिलं आणि त्याचं उपशीर्षक काढलं. मला ती पळवाट वाटते. ठेवायचं तर ते कोण ओरडतंय, किती जण, कुणाच्या चिथावणीवरून, हे त्याच चौकटीत दिसलं पाहिजे. चिथावणी 27:20 मध्ये लिहिलेलीच आहे.

शेवट इंद्रधनुष्यावर (पुन्हा असा पूर आणणार नाही, याची देवाने दिलेली खूण) करायचा मोह होईल. त्यानंतर नोहा तंबूत उघडा पडलेला आहे आणि दोन मुलगे पाठमोरे चालत, खांद्यावर वस्त्र घेऊन आत येतात (9:23). या प्रसंगात संवाद घालू नकोस.

तुझा,
एक जुना पटकथाकार