गोळी राहिली, हे कुणाला सांगणार?

तू विचारलंयस की औषध सुरू होऊन आठ महिने झाले, पण खोलीत मित्र असले की आठवड्यातून एक-दोनदा गोळी राहूनच जाते. एचआयव्ही असलेल्या तरुणांच्या ऑनलाइन गटात गेलं तर काही उपयोग होतो, की नुसत्या गप्पा? मला गोळ्या सुरू होऊन अकरा वर्षं झाली. उपयोग होतो, पण आठवण करून देण्यासाठी म्हणून जाऊ नकोस. तेवढं काम गजरही करतो, आणि मित्र समोर असले की आपण तो पहिला बंद करतो.

माझ्या डबीत गोळ्या खुळखुळायच्या. त्या आवाजाची इतकी धास्ती की मी आत कापूस कोंबला होता. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर?" की मी "हो." मग गटात एका मुलीने सहज लिहिलं, "मी पण कापूसच घालते." त्या रात्री मी पहिल्यांदा कबूल केलं, महिन्यात सहा राहिल्या.

कुणी रागावलं नाही. विचारलं एवढंच, "तेव्हा कुठे होतास?" सहाही वेळा रात्री, लोकांत. डॉक्टरांशी बोलून वेळ सकाळी अंघोळीआधीची केली. आमची डोल्युटेग्राव्हिरवाली एकच गोळी, दिवसातून कधीही चालते, फक्त वेळ ठरलेली हवी. तेव्हापासून गोळी घेतली की गटातल्या माझ्या जोडीदाराला रोज नुसतं एक टिंब पाठवतो. टिंब नाही आलं तर त्याचा मेसेज येतो, "उठलास का?" फोन कुणाच्या हाती लागला तरी काही कळत नाही.

वारंवार खंड पडला की रक्तातलं औषध कमी होतं, विषाणू पुन्हा वाढतो आणि त्याच औषधाला दाद न देणारे प्रकार टिकून राहतात. उलट व्हायरल लोड, म्हणजे रक्ताच्या एका मिलीलिटरमधली विषाणूंची संख्या, सतत २०० च्या खाली राहिला तर शारीरिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. फार उशीर झाला!

झिम्बाब्वेत 'झ्वांदिरी' उपक्रमात एचआयव्ही असलेली प्रशिक्षित तरुण मुलंच बरोबरीच्यांना आधार देतात. तिथल्या एका चाचणीत ९६ आठवड्यांनी व्हायरल लोड १००० किंवा जास्त असलेले वा दगावलेले नेहमीच्या उपचारांत ३६ टक्के होते, या आधारासह २५. अर्थात आधार देणारी ती मुलं घरी भेटायलाही जात होती, त्यामुळे ऑनलाइन गटाकडून तेवढ्याची अपेक्षा धरू नकोस.

गटात खरं नाव, फोटो टाकू नकोस. कुणी काढा विकायला लागला किंवा "गोळ्या सोड" म्हणाला तर सरळ बाहेर पड. राहिलेली गोळी आठवली की घे. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून दे, दोन एकदम नको. लोह, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीची औषधं घेत असशील तर किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचार.

आणि कापूस घालायचा विचार असेल तर घालू नकोस. ओलावा धरतो, मला नर्सने ओरडून काढायला लावला होता.