आधी माप घे, मग बिल दे

बेटा,

अनेक आशीर्वाद. नागपुरातल्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये तू फरशी-बाथरूमचं काम केलंस आणि मालकानं बिल अडवलं, हे तुझ्या पत्रात वाचलं. पैसे मागितल्यावर ‘लिहून काही दिलंय का?’ असं मालक म्हणाला आणि तू मान खाली घालून परत आलास, याचं मला फार वाईट वाटलं. 1872 च्या भारतीय करार कायद्यात तोंडी ठरलेला व्यवहारही करारच असतो. त्याच कायद्याचं कलम 70 तर तुझ्या कामाचंच आहे. फुकट करायचा इरादा नसताना एखाद्यानं दुसऱ्यासाठी रीतसर काम केलं आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. तू बसवलेल्या बाथरूममध्ये ते कुटुंब रोज आंघोळ करतं आहे.

तेव्हा पैसे मागताना चाचरू नको. कस लागणार आहे तो पुराव्याचा, आणि पुरावा अजूनही गोळा करता येतो.

मूळ ठरलेल्या फरशीवर सहसा भांडण होत नाही. ते होतं एक्स्ट्रा कामावर. ‘आलाच आहेस तर बाल्कनीतही हीच टाइल लाव’, ‘ओटा थोडा लांब कर’ असं उभ्या उभ्या सांगितलं जातं, आपण हो म्हणतो आणि दर विचारायला संकोचतो. म्हणून आधी माप घे. फरशी स्क्वेअर फुटात, स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी रनिंग फुटात (नुसती लांबी), मालकाच्या समोर. तो येत नसेल तर टेप लावलेले फोटो काढ. बिलात मूळ काम वेगळं, एक्स्ट्रा वेगळं, माल वेगळा दाखव आणि मिळालेला ॲडव्हान्स प्रामाणिकपणे वजा कर. इतवारीच्या बाजारातून माल उचललास ना? दुकानदाराकडून बिलांच्या नकला घे. माल पोचवल्याच्या चलनावर त्या फ्लॅटचा पत्ता असेल तर फारच चांगलं. मिस्त्री छत्तीसगडला गावी जायच्या आधी त्याचा पत्ता आणि नंबर लिहून ठेव. तोच तुझा साक्षीदार.

दोन टाइल पोकळ वाजतात असं मालक म्हणतो. वाजत असतील तर बदलून दे, आणि ‘अमुक दिवशी येऊन बदलून देतो’ हे त्याला लिहून कळव. खऱ्या दोषावर मी कधीच वाद घालणार नाही. पण दोन टाइलसाठी सगळं बिल अडवणं हा अन्याय आहे, आणि तू दुरुस्तीची तयारी दाखवलीस की ते कारण त्याच्या हातून जातं.

बिल व्हॉट्सॲपवर पाठव. त्यावर ‘पुढच्या महिन्यात बघतो’ एवढं उत्तर आलं तरी ते मोलाचं. चॅट पुसू नको, फोन विकू नको. कोर्टात ते संदेश द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ते वकील करून घेतील.

रागाच्या भरात नळ काढून आणणं, फरशी फोडणं, चार पोरं घेऊन दारात उभं राहणं, यातलं काहीही करू नको. आज तू फिर्यादी आहेस, उद्या आरोपी होशील.

बिलाला उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टनं. त्यानंतर सिव्हिल लाइन्सला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे लोक अदालत भरवणाऱ्या सरकारी कार्यालयात, जा. दावा लावण्याआधीच प्रकरण लोक अदालतीत ठेवता येतं. तिथे दोघांची तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. मालक तडजोडीला आलाच नाही तर मात्र दिवाणी दावा लावावा लागेल. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर काम झाल्यापासून 3 वर्षांत तो लावायचा. नुसत्या ‘देतो, देतो’वर विसंबून ही मुदत घालवू नको.

येत्या रविवारी मालक घरी असतील तेव्हा टेप घेऊन जा, मिस्त्रीलाही सोबत ने. बिलाचा कच्चा कागद आधी मला दाखव. एक्स्ट्रा कामाला नागपुरात सध्या चालू असलेले दर आपण बसून लावू, म्हणजे एकही आकडा फुगवलेला दिसणार नाही.

तुझा,
काका