लष्करी सल्लागार : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : परदेशी सैन्याला प्रशिक्षक देणं आणि सल्लागार देणं यात फरक काय?

उत्तर : प्रशिक्षकाचं काम कोर्सबरोबर संपतं. सल्लागाराची जोडी यजमान सैन्यातल्या एका अधिकाऱ्याशी लावलेली असते. हुकूम त्या अधिकाऱ्याचाच चालतो. सल्लागाराच्या हातात फक्त शब्द असतो. त्यामुळे हे काम नवख्यांचं नाही. अमेरिकेने २०१८ मध्ये अफगाणिस्तानात धाडलेल्या पहिल्या सल्लागार ब्रिगेडमध्ये साधारण ८०० जण होते, बहुतेक मुरलेले अधिकारी आणि हवालदार-सुभेदारांच्या तोडीचे लोक. मूळ पथक १२ जणांचं. त्यात लढाईच्या जाणकारांइतकीच संदेशवहन, रसद, वाहनदुरुस्ती आणि वैद्यकीय मदत येणाऱ्यांची गरज असते.

प्रश्न : पथकाने सुरुवात कुठून करावी?

उत्तर : फायरिंग रेंजवरून नक्कीच नाही, कोठारातून आणि पगारपत्रकातून. रायफलींचे नंबर नोंदवहीशी ताडून बघा. पगाराच्या दिवशी समोर उभी असलेली माणसं मोजा. कागदावरच्या सैनिकांचा पगार वरिष्ठांच्या खिशात जातो, हे जुनं दुखणं आहे. इराकचं मोसूल शहर इसिसच्या हाती पडल्यानंतर त्याच वर्षी, २०१४ मध्ये, इराकच्या पंतप्रधानांनी असे ५०,००० ‘भूत सैनिक’ सापडल्याचं जाहीर केलं. पगार थेट सैनिकाच्या खात्यात जमा करणं हा बऱ्यापैकी उपाय, पण ओळख पटवल्याशिवाय खातंही खोटंच निघतं. तफावत दिसली तर चारचौघांत बोलू नका. हाताखालच्यांसमोर मान गेलेला कमांडर पुढे तुम्हाला चहा पाजेल, माहिती देणार नाही. बोलताना नजर त्याच्याकडे ठेवा, दुभाष्याकडे नाही. वाक्यं छोटी ठेवा आणि विषय दुभाष्याला आधी सांगून ठेवा.

प्रश्न : वीस वर्षं सल्ला देऊनही अफगाण सैन्य का कोसळलं?

उत्तर : कारणं अनेक आहेत, राजकीयही. सल्लागारांनी शिकावं असं एक सांगतो. अफगाण मेकॅनिकांचा हात एमआय-१७ या रशियन बनावटीच्या हेलिकॉप्टरांवर बसलेला होता. २०१७ पासून त्या हेलिकॉप्टरांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं येऊ लागली आणि या नव्यांची देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे गेली. २०२१ मध्ये कंत्राटदार निघाले, तसा विमानदळाचा कणाच मोडला. म्हणून यंत्र देण्याआधीच विचारा : दुरुस्ती कोण करणार, सुटे भाग कोणत्या वाटेने येणार, वर्षाचा खर्च कोण उचलणार? तिन्हींचं उत्तर ‘आपण’, म्हणजे यंत्र देणारा देश, असं असेल, तर जुनं साधं यंत्रच बरं.

प्रश्न : सल्लागार स्वतः लढतात का?

उत्तर : ते दोन देशांतल्या करारावर आणि पाठवणाऱ्या देशाच्या नियमांवर ठरतं. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या देशात १९८० च्या दशकात अमेरिकेने ५५ प्रशिक्षकांची मर्यादा घातली होती आणि लढाईत उतरण्यास मनाई होती.