लॅटिनची परीक्षा द्यावी का?

प्रश्न: आम्ही एडिसनला (न्यू जर्सी) राहतो. मुलगी दहावीत आहे, शाळेत लॅटिनचं तिसरं वर्ष चालू आहे. माझ्या भाच्याने सॅटची लॅटिन सब्जेक्ट टेस्ट दिली होती आणि त्याला चांगलं कॉलेज मिळालं. हिनेही द्यावी असं आम्हाला वाटतं. ती म्हणते, "आई, अशी टेस्टच नाहीये आता." क्लास लावायचा तर रविवारची मराठी शाळा सोडावी लागेल. काय करू?

उत्तर: ताई, लेकीचं बरोबर आहे. सॅट ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेतल्या सगळ्याच सब्जेक्ट टेस्ट, म्हणजे एकेका विषयाच्या वेगळ्या परीक्षा, बंद केल्या. लॅटिनची तर आधीही वर्षातून दोनदाच व्हायची, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. भाच्याचं पुस्तक अजून घरात असेल तर सरावाला ठेवा, पण त्या नावाने क्लासची फी मागणारा कुणी भेटला तर दुरूनच नमस्कार करा.

आता उरली एपी लॅटिन, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय आणि त्याची कॉलेज बोर्डाचीच परीक्षा. ती मे महिन्यात होते आणि 1 ते 5 असे गुण मिळतात. तुमचा निर्णय अवलंबून आहे तो ती हा विषय कोणत्या वर्षी घेते यावर, आणि नेमकं हेच घरोघरी कुणी विचारात घेत नाही. बारावीत घेतला तर निकाल येणार जुलैमध्ये. कॉलेजांची पत्रं त्याआधीच, मार्चअखेरपर्यंत आलेली असतात आणि 1 मेपर्यंत बहुतेकांनी होकारही कळवलेला असतो. म्हणजे बारावीतल्या गुणांचा प्रवेशाशी संबंध नाही. ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) एपीचा विषय दिसतो, त्याला किंमत आहे. अकरावीत घेतला तर मात्र 4 किंवा 5 आले की अर्जात लिहिता येतात, कमी आले तर बहुतेक कॉलेजांत ते लिहिण्याची सक्तीही नाही. तेव्हा शिक्षकांना सरळ विचारा, की पुढच्या वर्षी हिला एपीला बसवाल का? तिसऱ्या वर्षानंतर काही शाळा बसवतात, काही आधी चौथं वर्ष करायला लावतात. ते नाही म्हणाले तर हट्ट धरू नका.

पुढे कॉलेजात गुणांचा उपयोग होतो का? काही ठिकाणी 4-5 वर परदेशी भाषेची अट सुटते, काही ठिकाणी नुसतं वरच्या वर्गात बसवतात, तर काही जण आपलीच परीक्षा घेतात. यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या साइटवर एपी क्रेडिटचं पान असतं, ते मुलीलाच वाचायला लावा.

खरी गोष्ट वेगळीच आहे. आपण दहावीला संस्कृत घेतलं ते स्कोरिंग म्हणून, आणि तोच हिशेब इथे लॅटिनला लावतो. तो चालत नाही. 2025-26 पासून एपीच्या अभ्यासक्रमात सीझरच्या जागी धाकटा प्लिनी या रोमन लेखकाची पत्रं आली, रोमन कवी व्हर्जिल आहेच. व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा प्लिनीच्या मामाबरोबरची माणसं वरून पडणाऱ्या दगडांपासून वाचायला डोक्यावर उश्या बांधून बाहेर पडली, असं एका पत्रात आहे. त्या उश्या कर्म आहेत की कर्ता, क्रियापद कोणत्या काळातलं, हे भाषांतरात चुकलं की गुण गेले. मोघम अर्थ लिहून भागत नाही. रामः रामौ रामाः घोकून काढलेल्या आईबापांना ही विभक्तीची शिस्त लगेच कळेल; व्हर्जिलचं वृत्तही लघु-गुरूवरच चालतं. मुलगी असा उतारा घेऊन आपणहून बसत असेल, तर एपी तिच्यासाठी आहे. कॉलेजच्या अर्जातल्या निबंधाला चार शब्द मिळावेत म्हणून असेल, तर तो वेळ रसायनशास्त्राला द्या.

मग यंदा काय? नॅशनल लॅटिन एक्झाम, ही एपीपेक्षा वेगळी परीक्षा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेतूनच होते, 40 बहुपर्यायी प्रश्न असतात, फी किरकोळ, आणि तिच्या पातळीचाच पेपर मिळतो. पदक मिळालं तर कॉमन ॲपमधल्या (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जातल्या) ऑनर्सच्या, म्हणजे बक्षिसांच्या, पाच ओळींपैकी एक भरली. नाही मिळालं तर कुणाला कळतही नाही. नोंदणीची तारीख गेली नाही ना, एवढं शिक्षकांकडून बघून घ्या.

मराठी शाळेबद्दल तर मी अजिबात मान्य करणार नाही. लॅटिनच्या क्लासपायी ती सोडायची काहीच गरज नाही. शाळेत शिक्षक आहेत, आणि जुने एपीचे लेखी प्रश्न कॉलेज बोर्डाच्या साइटवर फुकट आहेत. शिवाय न्यू जर्सीत दोन भाषा येणाऱ्या मुलांना डिप्लोमावर सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा येत असल्याचा शिक्का, मिळतं. ते मराठीवर मिळवता येईल का, हे काउन्सेलरला जरूर विचारा. घरातली आजीशी फोनवर बोलायची भाषा ट्रान्सक्रिप्टजवळ पोचली तर वाईट काय?

आणि एपी ठरलीच, तर परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते. शाळेची स्वतःची तारीख बहुधा त्याआधीची असते. उशीर झाला तर जादा फी पडते.